छिलक्याची धार : सोलापुरातील अश्महत्यार प्रकल्पाच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

गेल्या आठवड्यात नववीला अश्मयुग शिकवत होते. फळ्यावर हातकुऱ्हाड काढली. बदामासारखा आकार, एका टोकाला अणी, दोन्ही कडांना धार. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, हे धरायचं कुठनं? आपलाच हात कापंल की." जाड बाजूने धरायचं, मी म्हटलं. "आणि कापायचं काय?" मांस, कातडं, लाकूड, कंदमुळं. "तुम्ही कापून बघितलाव?"

नव्हतं बघितलं. सतरा वर्षं हा धडा शिकवतेय आणि दगडाने साधी सुतळीसुद्धा कापलेली नाही. तिच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर हातात दगड घ्यायलाच हवा.

म्हणून ठरलं ते असं. आपल्या भागात मिळणाऱ्या दगडांची हत्यारं करायची. एका हत्याराला एकच काम द्यायचं. कामाआधी आणि कामानंतर धार भिंगाखाली पाहायची आणि जे दिसेल ते लिहायचं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी शाळेत मांडायचं. अकरा मुलं यायला तयार आहेत. दगड फोडण्याचं काम फक्त मी करणार, मुलांनी चष्मे लावून लांब बसायचं. दगडाची कपची डोळ्यात गेली तर खेळ नाही, आणि दगडाची बारीक भुकटीही छातीला वाईट. त्यामुळे सगळं उघड्यावर करायचं.

मुलांना एक गोष्ट बजावून सांगितली. जुनं हत्यार वाटेल असा दगड दिसला तर तो उचलायचा नाही. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी माणसाच्या हातची वस्तू ही पुरावस्तू ठरते. कायदा बाजूला ठेवला तरी, जागेवरून हलवलेला दगड अर्धा मुका होतो. तो कोणत्या थरात होता, शेजारी काय होतं, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

१५ डिसेंबर

लांबोटीला सीनेच्या पात्रात. पाणी ओसरलंय, गोटे उघडे पडलेत.

सोलापूर जिल्हा सगळा दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला लाव्हा. त्याच्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपलं आणि गारगोटी, अकीक, जास्पर तयार झाले. काळा पाषाण झिजून माती झाला, या गाठी मात्र टिकल्या आणि नदीने वाहून आणल्या. म्हणजे पात्रात दोन्ही प्रकारचा माल आहे. मोठा, जड, काळा पाषाण. आणि लिंबाएवढ्या, फार तर मुठीएवढ्या गारगोट्या.

मडकं घेताना आपण जसं वाजवून बघतो तसं प्रत्येक दगड दुसऱ्या दगडाने वाजवून पाहिला. खणखणीत वाजला तर आत चीर नाही. बद्द वाजला तर सोडून द्यायचा. दीड तासात मुलांचे कान इतके तयार झाले की मी न सांगता ती दगड बाजूला काढू लागली. दोन पोती भरली. शिवाय हातोडा म्हणून वापरायला गुळगुळीत, हातात मावणारे पाच लांबट गोटे.

परत निघताना एका मुलाला दरडीच्या पायथ्याशी मुठीएवढा काळा दगड दिसला. एका कडेवर शेजारी-शेजारी तीन खोलगट खपल्या निघालेल्या. हत्यार असेल? नदीत आपटूनही तसं होतं. उचलला नाही. शेजारी पट्टी ठेवून चार बाजूंनी फोटो घेतले, मोबाईलवर जागा टिपली आणि पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका जाणकारांना पाठवले. तो मुलगा बसमध्ये शेवटपर्यंत मागे वळून बघत होता.

२२ डिसेंबर

अंगणात जुनी सोलापुरी चादर अंथरली, कपच्या गोळा व्हाव्यात म्हणून. मांडीवर चामड्याचा तुकडा, हातात मोजे. काळा पाषाण फोडायला बसले.

तीन तास. निघाला तो चुरा. जोर लावला की हातोड्याचा गोटाच उडायचा, नाहीतर दगडाच्या कडेचं पीठ व्हायचं. मनगट सुजलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "उद्या-परवा टाकीवाली येईल, तिला विचार. तिचा जन्म दगडात गेलाय."

२४ डिसेंबर

टाकीवाल्या मावशी आल्या. गल्लीत आता दोन-तीन घरीच पाटा उरलाय, तरी त्या वर्षातून दोनदा येतात. आमच्या पाट्याला टाकी लावून झाल्यावर त्यांना अंगणातला माझा ढीग दाखवला.

त्यांनी एकेक दगड उचलून बराच वेळ फिरवून पाहिला. मारायची घाई नाही. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही दगडाच्या पोटात मारताव. पोटात मारलं की तो गिळून टाकतो. दगडाला तोंड असतंय. तोंड बघून वठावर मारायचं, सरळ न्हाई, घसरता हात."

त्यांनी एक फुटका दगड निवडला, ज्याची एक बाजू आधीच सपाट तुटलेली होती. सपाट बाजू वर धरली. तिची कड खालच्या पृष्ठभागाशी तिरपी होती, काटकोनापेक्षा कमी. कडेपासून बोटाच्या पेराच्या निम्म्या अंतरावर माझ्या गोट्याने एकच घाव घातला. टक्क असा कोरडा, स्वच्छ आवाज आणि चादरीवर तळहाताच्या निम्म्या आकाराची पातळ खपली.

हाच छिलका. ज्याच्यावरून निघाला तो गाभा.

उन्हात धरून बघितलं. घाव बसला तिथे आतल्या अंगाला किंचित फुगवटा, आणि तिथून पुढे शिंपल्यावर असतात तशा मंद लाटा. पुस्तकात हे चित्र शंभरदा पाहिलंय. घावाचा जोर दगडात शंकूसारखा पसरतो; कडेचा कोन काटकोनाहून कमी असेल तर तो बाहेर पडायला वाट शोधतो आणि खपली सुटते. कोन जास्त असेल तर जोर आतच जिरतो. मावशींचं "गिळून टाकतो" आणि पुस्तकातलं हे स्पष्टीकरण यांत मला फरक दिसला नाही.

मी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? त्यांच्या कामात तर छिलका कधीच काढायचा नसतो. टाकीने पाट्यावर बारीक खड्डे पाडायचे, पाटा अखंड राहायला हवा. त्या म्हणाल्या, "कुठं मारलं की फुटतंय ते कळल्याबिगर न फुटता कसं मारणार?" दुपारभर त्या बसल्या. मला तीन वेळा हात धरून शिकवलं. चौथ्या वेळी माझा छिलका निघाला, ओबडधोबड, पण फुगवट्यासकट. दिवसाच्या मजुरीचे पैसे त्या घेत नव्हत्या. दोन पाट्यांची टाकी समजा म्हटल्यावर घेतले.

२९ डिसेंबर

रोज तासभर सराव केला. पाचातला एखादा घाव नीट बसतो. आता लक्ष दगडाच्या कडेवरच जातं. आधीच्या दोन खपल्यांच्या मधोमध जो उंचवटा उरतो, त्याच्या रेषेत घाव घातला तर पुढचा छिलका लांब येतो; जोर त्या उंचवट्याचा माग धरून जातो.

आज हातकुऱ्हाड करायचीच म्हणून बसले. एका बाजूने खपल्या काढायच्या, दगड उलटा करायचा, त्याच खपल्यांची खाच धरून दुसऱ्या बाजूने मारायचं. चाळीसेक घावांनंतर आकार दिसू लागला. मग अणीजवळ एक घाव घातला आणि दगड मधोमध आडवा तुटला.

तुकडे हातात घेऊन बसले होते तेव्हा मुलांना रॉबर्ट ब्रूस फूटची गोष्ट सांगितली. भूवैज्ञानिक. ३० मे १८६३ रोजी चेन्नईजवळ पल्लावरमला त्याला खडीच्या खड्ड्यात अशी हातकुऱ्हाड सापडली आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला तोंड फुटलं. तिथून जवळच्या अत्तिरमपक्कमला शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांनी केलेल्या उत्खननात अशाच हत्यारांचं वय साधारण १५ लाख वर्षं निघालं. या घडणीला ॲशुलियन म्हणतात, फ्रान्समधल्या सें-आशुल या ठिकाणावरून. आफ्रिकेत ती १७ लाख वर्षांहून जुनी आहे. लाखो वर्षं आणि तीन खंडांत माणसांनी हाच आकार पुन्हा पुन्हा घडवला. माझा चाळीस घावांत तुटला. एक घाव घालताना पुढचे दहा डोळ्यांपुढे असल्याशिवाय तो आकार येत नाही, एवढं आज हातांना कळलं.

आपल्या जवळचं उदाहरण मुलांना जास्त भिडलं. भीमा सोलापूर सोडून कर्नाटकात जाते आणि कृष्णेला मिळते. त्या दोन नद्यांमधल्या शोरापूर दोआबात, आजच्या यादगीर जिल्ह्यात, इसामपूर आहे. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी तिथे ॲशुलियन काळातली दगडाची खाणच उजेडात आणली. चुनखडीचे सपाट लादे उचकटून काढायचे आणि तिथेच घडवायचे. गाभे, छिलके, अर्धवट टाकलेली हत्यारं, हातोड्याचे दगड, सगळं जागच्या जागी. "म्हणजे त्यांची पण तुटायची, मॅडम?" तुटायची. अर्धवट टाकलेल्या मालावरूनच तर घडवण्याचा क्रम कळतो.

संध्याकाळी चादर झाडायला घेतली आणि कपच्यांतल्या एका तुकड्याने अंगठ्याच्या बुडाला चिरलं. कळलंसुद्धा नाही, चादरीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. हळद दाबून बसल्यावर तो तुकडा शोधून काढला. हातकुऱ्हाडीच्या सुरुवातीला काढून टाकलेला साधा छिलका. दिवसभर जे घडवायला धडपडत होते त्याची धार या टाकलेल्या तुकड्यापुढे बोथट होती. उद्यापासून कपच्या फेकायच्या नाहीत. आकाराप्रमाणे वेगळ्या करून ठेवायच्या.

५ जानेवारी २०२५

आज गारगोटी. काळ्या पाषाणाचं कौशल्य इथे लागू पडत नाही. गारगोटी लहान, गोल, आणि गोलाला कडच नसते. घाव घसरतो.

सासूबाईंनीच उपाय सांगितला. बिब्बा फोडून गोडंबी काढतात तशी खाली दगड, वर दगड, मधे उभी गारगोटी. करून पाहिलं. तिसऱ्या घावाला गारगोटी उभी दुभंगली. आत दुधी, मेणासारखी चमक. आता सपाट बाजू मिळाली, मग नेहमीसारखे कडेवर घाव. बोटाएवढे छिलके आले, काचेसारख्या धारेचे. कागद धरला आणि नुसता ओढला तर कापला गेला.

काळ्या पाषाणाकडून गारगोटीकडे हा बदल महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडलेला आहे. प्रवरेकाठी चिरकीला गुडरून कॉर्विनस यांनी १९६०च्या दशकात उत्खनन केलं, तिथली ॲशुलियन हत्यारं बहुतेक काळ्या पाषाणाच्या जातीची, मोठी आणि जड. तिथेच जवळ नेवाशाला ह. धी. सांकलियांना वरच्या थरात वेगळीच हत्यारं मिळाली होती. लहान तासण्या आणि टोचे, जास्परचे, गारगोटीचे, अकीकाचे. हा मध्य पुराश्मयुग. पुढे हत्यारं आणखी लहान होत गेली, नखाएवढ्या सूक्ष्मास्त्रांपर्यंत, आणि शेवटी इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या घरांत गारगोटीची लांब, समांतर कडांची पाती.

गारगोट्या नदीत पहिल्यापासूनच होत्या. मग आधीच्या माणसांनी त्या का घेतल्या नाहीत? लहान दगडाचं लहान हत्यार बोटांच्या चिमटीत धरून काम होत नाही. दांडा हवा. माझा अंदाज असा की दांड्यात बसवायचं सुचलं तेव्हा गारगोटीला किंमत आली. हा अंदाज पुढे करून बघायचा आहे.

१३ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, सिद्धेश्वराची. मुलं येणार नाहीत, मीही नाही. नंदीध्वज बघायला निघतोय.

१९ जानेवारी

वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं मटणाचं दुकान आहे. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी वेळ दिला. आमच्या घरी मांसाहार नाही; मी दाराशी खुर्ची घेऊन नोंदी करत बसले. काम त्यांनी केलं, वीस वर्षांचा हात आहे.

आधी कातडं आणि मांस यांच्यामधला पापुद्रा. गारगोटीचा छिलका सुरीसारखा चालला. मग सांध्याजवळचे स्नायूबंध; तेही तुटले. दहा मिनिटांनी चरबी लागून छिलका बोटांतून निसटू लागला. त्यांनी राखेत हात बुडवून पुन्हा धरला. काळ्या पाषाणाचा मोठा छिलका हातात चांगला बसला, पण धार पहिल्यापासून जराशी खरबरीत. हातकुऱ्हाड (तुटली होती तिचाच मोठा अर्धा) सांधा तोडायला बरी, कातडं सोलायला निरुपयोगी.

शेवटी नळीचं हाड खालच्या दगडावर ठेवून गोट्याने फोडलं. दोन घाव, आत मगज. यासाठी कसलीच घडण लागत नाही, नुसता गोटा पुरतो.

त्यांचा अभिप्राय जसाच्या तसा: "धारेला तोड न्हाई मॅडम. पण सुरीला मी दिवसातनं चारदा मुसळी मारतो. ह्याला काय मारणार?"

याला दोन उत्तरं आहेत. कडेवर बारीक खपल्या काढून धार पुन्हा काढता येते, पण ती आधीइतकी पातळ नसते, कोन वाढतो. दुसरं सोपं, तो टाकायचा आणि नवा छिलका काढायचा. गाभा जवळ असला की एका घावात नवी सुरी. जुन्या वस्त्यांवर छिलक्यांचे ढीग का सापडतात हे मला आज दुकानात बसून नीट उमगलं. त्या ढिगातलं सगळंच घडवताना पडलेला चुरा नव्हे. त्यातल्या कित्येक वापरून टाकलेल्या सुऱ्या आहेत.

हाड धुऊन, उकळून भिंगाखाली पाहिलं. छिलक्याच्या खुणा अरुंद, सरळ, तळाशी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या निमुळत्या. हाड फोडल्याची खूण वेगळी, बोथट, ठेचल्यासारखी. इथिओपियात बौरी इथे २५ लाख वर्षांपूर्वीच्या जनावरांच्या हाडांवर अशाच खुणा आहेत. दगड मागे राहिला नाही तरी हाड साक्ष देतं.

२ फेब्रुवारी

दांडा. बाभळीची वीतभर फांदी, तिला एका अंगाने खाच. खाचसुद्धा छिलक्यानेच पाडली. ओल्या लाकडात पाऊण तास लागला, वाळलेल्यात दोन तासांनी मी सोडून दिली. ओलं असतानाच कोरायचं, मग वाळवायचं.

चिकटवायला आधी बाभळीचा डिंक. वाळला की दगडासारखा, पण ओल्या गवतावर चालवला की विरघळला. मग एका ओळखीच्या सोनारांना विचारलं; ते नक्षीकामाच्या वेळी दागिना राळेवर बसवतात. राळ, थोडं मेण, कोळशाची पूड, एकत्र तापवून. मेण कमी पडलं तर तडकतं, जास्त झालं तर उन्हात मऊ पडतं. तिसऱ्या प्रयत्नाला जमलं. खाचेत गारगोटीचे चार छिलके एका ओळीत बसवले.

चिमटीत जे दोन बोटांनी निसटत होतं ते आता सगळ्या मुठीच्या जोराने चालतं. एक छिलका तुटला तर तेवढाच बदलायचा, बाकीचं हत्यार तसंच. ५ जानेवारीचा अंदाज बरोबरच होता असं एका दांड्यावरून म्हणता येणार नाही, पण चार छिलक्यांत गारगोटीने काय साधतं ते हाताला कळलं.

१६ फेब्रुवारी

मंगळवेढ्याला, माहेरी. मालदांडी ज्वारीची काढणी चालू आहे. दादाला आधीच सांगून ठेवलं होतं. आठवड्यापूर्वी काढून पसरलेल्या एका पट्टीची कणसं आमच्यासाठी राखून ठेवली होती.

इथे मी एक गोष्ट साफ विसरून गेले होते, याच शेतात वाढूनसुद्धा. दगडी विळ्याने ज्वारी कापायची असं मी मुलांना सांगून आणलं. पण आपण रब्बीची ज्वारी कापत नाही, उपटतो. बायका ओळीने वाकून ताट मुळासकट उपटतात, माती झटकतात, आडवं टाकतात. विळा लागतो तो नंतर, कणसं खुडायला.

तर कणसं. नुसता छिलका चिमटीत धरून: कणसाखालचा दांडा जाड, भेंड पोकळसर पण साल चिवट. दोनदा-तीनदा करवतीसारखं ओढावं लागतं. दांडा लावलेला: डाव्या हातात कणीस, उजव्या हाताने एक ओढ, कणीस मोकळं. वहिनींनी पंधरा मिनिटं चालवून पाहिला आणि म्हणाल्या, "वन्सं, विळ्यापेक्षा हळू आहे, पण हात भरून येत नाही. हलका आहे ना." मुलांनी पाळी लावून घेतली. मी फक्त घड्याळ बघत होते. एकच दांडा, एकूण पाच तास.

दुपारी तीनला राळ मऊ पडून दोन छिलके गळून पडले. सोलापूरच्या उन्हात मेण आणखी कमी हवं. त्यातला पहिला ढेकळांत सापडायला वीस मिनिटं गेली. सहा मुलं, एक चौरस वाव जागा, तरी दुसरा सापडायला संध्याकाळ झाली.

परतीच्या वाटेवर वहिनींचं एक बोलणं डोक्यातून जात नव्हतं. मी सांगत होते की गवताच्या सालीत सिलिका असतं, त्यामुळे ते कापणाऱ्या दगडाला चकाकी येते आणि हजारो वर्षांनी ती बघून संशोधक सांगतात की इथे पीक कापलं जात होतं. त्या म्हणाल्या, "मग आमच्या शेतातलं त्यांना काय कळणार? आम्ही तर उपटतो."

खरंच काय कळणार? उपटणं, खुडणं, वेचणं, हाताने सोलणं, मुठीने झोडणं. यातल्या कशाचीच खूण दगडावर उतरत नाही. आमच्या शेतात दिवसभरात वाकलेल्या नऊ बायकांपैकी आठजणींच्या कामाचा पुरावा उद्याच नाहीसा होणार आहे. अश्मयुग हे नाव टिकलेल्या वस्तूवरून पडलं. लाकूड, कातडं, वेली, दोऱ्या कुजून गेल्या. जर्मनीत शोनिंगेनला दोन ते तीन लाख वर्षांपूर्वीचे लाकडी भाले मिळाले ते पाण्याखालच्या गाळामुळे हवा न लागता राहिले म्हणून. आपल्या काळ्या मातीत असं काही टिकत नाही.

१८ फेब्रुवारी

ज्वारीचे छिलके भिंगाखाली. कडेला तिरप्या उजेडात चमक! मुलं ओरडलीच. मी लगेच लिहू दिलं नाही. आधी कोमट पाण्यात साबण घालून तासभर भिजवले, मऊ ब्रशने घासले, वाळवले. निम्मी चमक गेली. तो ताटाचा रस होता. निम्मी राहिली. कडेला लागून, जेमतेम केसभर रुंद, दोन्ही अंगांना, ओढण्याच्या दिशेला बारीक रेघा. शेजारी त्याच गारगोटीचा न वापरलेला छिलका ठेवला. त्याच्या कडेला काहीच नाही.

बाकीच्यांची नोंद थोडक्यात. मांसाचा छिलका: जवळजवळ काही नाही, कडेला दोन-तीन सूक्ष्म खाचा. बाभळीचा: कडेवर गोलसर, तुकतुकीत उंचवटे, भिंगात न शोधताही दिसतात. हाडाचा: कड तुटकी, खपलीवर खपली.

धारेवरच्या खुणा वाचण्याची ही पद्धत रशियन संशोधक सेर्गेई सेम्योनोव यांनी घालून दिली; त्यांचं पुस्तक १९५७चं. पुढे लॉरेन्स कीली आणि निकोलस टोथ यांनी केनियातल्या कूबी फोरा इथले सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचे दगड तपासले, १९८१मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नऊ तुकड्यांवर खुणा वाचता आल्या: काहींवर मांसाच्या, काहींवर लाकडाच्या, दोहोंवर गवताच्या किंवा बोरूसारख्या मऊ ताटाच्या. त्यांतले बहुतेक साधे छिलके होते. माझ्या अंगठ्याला लागला तसे.

गवत कापून त्या माणसांनी काय केलं असेल? अंथरूण? आडोसा? एका मुलीने सुचवलं, "बाळाखाली घालायला." वहीत तिच्या नावाने लिहून ठेवलं.

२१ फेब्रुवारी

लांबोटीच्या दगडाबद्दल उत्तर आलं. फोटोवरून ठामपणे काहीच सांगता येत नाही. खपल्या तीनच, त्याही एकाच बाजूने, कडा नदीने गोलावलेल्या. दगड जागेवर ठेवला हे चांगलं केलंत, पावसाळ्यानंतर त्या दरडीचा थर बघायला येऊ, असंही लिहिलंय. मुलगा हिरमुसला. त्याला ब्राझीलमधल्या कॅपुचिन माकडांबद्दल सांगितलं. ती दगडावर दगड आपटतात आणि माणसाने काढल्यासारखे छिलके पडतात. २०१६मध्ये ही निरीक्षणं प्रसिद्ध झाली तेव्हापासून जुना छिलका पाहताना जास्त काळजी घ्यावी लागते. माकडं ते छिलके वापरत मात्र नाहीत; पडले तिथेच सोडतात. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे उचलणं हे माणसाचं." मी काही बोलले नाही, फळ्यावर लिहिलं.

२७ फेब्रुवारी

उद्याची मांडणी. जिथे बघावं तिथे दगड आकाराप्रमाणे लावलेले असतात: हातकुऱ्हाडी, तासण्या, पाती, टोचे. आम्ही कामाप्रमाणे लावले. "कातडं सोलणं", "सांधा तोडणं", "मगज काढणं", "लाकूड कोरणं", "कणीस खुडणं". प्रत्येक कामाखाली वापरलेला दगड, त्याच्या धारेचा मोठा केलेला फोटो आणि किती वेळ चालला ते. हातकुऱ्हाडीचे दोन तुकडे "शिकत असताना तुटली" या पाटीखाली.

शेवटची पाटी मुलांनी माझ्याशी वाद घालून लावली. "उपटणं, वेचणं, झोडणं." तिच्याखाली टेबल मोकळं. त्यावर फक्त ज्वारीचं एक ताट, मुळासकट, मुळांना मंगळवेढ्याची माती.

टाकीवाल्या मावशींना निरोप धाडलाय. येणार म्हणाल्यात.

२ मार्च

मावशी आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक पाटीसमोर थांबून दगडच बघितला, पाटी वाचता येत नाही म्हणाल्या. मोकळ्या टेबलाशी ताटाला हात लावून विचारलं, "मालदांडी का?" मग माझ्या गाभ्यांतला एक हातात घेऊन त्यावरच्या खपल्या अंगठ्याने मोजल्या. "सुधारलाव," म्हणाल्या.

आज आवराआवर. वापरलेले छिलके क्रमांक घालून डब्यांत भरले. उरलेली दीड पोती कपची कुठेही फेकायची नाही. पुढेमागे कुणाला ती माळावर सापडली आणि जुनी वाटली तर घोटाळा होईल. अंगणाच्या कोपऱ्यात कमरेइतका खड्डा खणला. तळाशी मुलांनी २०२५चं नाणं टाकलं, वर कपची, वर माती.

तासणी अजून परत यायची आहे. जास्परची, अर्धगोल धारेची, घडवायला मला सर्वांत जास्त वेळ लागलेली. हलगी मढवणाऱ्या एका काकांकडे दिली आहे. ते बकऱ्याचं कातडं रापीने खरडतात. तासणीची धार रापीसारखीच गोल आहे हे त्यांनीच दाखवून दिलं. चार कातडी होऊ द्या, म्हणालेत.